तासांचा फॉर्म आणि हॉकीची बॅग

नमस्कार मंडळी.

मला विषय दिलाय ‘खेळ, अभ्यास आणि समाजसेवा’. तिन्ही शब्द भारदस्त, म्हणून आधीच सांगते: आपल्या मराठी मंडळात काम करणाऱ्या शाळकरी मुलांच्या समाजसेवेच्या तासांच्या फॉर्मवर मी सह्या करते, एवढाच माझा अधिकार. पण सह्या करता करता मुलं दिसतात.

आपल्या कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात शाळेचा डिप्लोमा हवा तर ४० तास समाजासाठी काम करावं लागतं. १९९९ पासून हा नियम आहे. नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून तास धरता येतात. पगारी काम चालत नाही, घरकाम तर नाहीच. म्हणजे आमच्या हॉकीवाल्या (इथे हॉकी म्हणजे बर्फावरची, आइस हॉकी) पोराने छोट्यांच्या मॅचला पैसे घेऊन रेफरीगिरी केली तर ते तास बाद. त्याच रिंकवर चिमुरड्यांना बर्फावर उभं राहायला फुकट शिकवलं, तर त्या तासांचा विचार होतो. वर्षाला सरासरी दहा तास पडतात. तरीही बारावीच्या एप्रिलमध्ये माझा फोन वाजायला लागतो, आणि पलीकडे बहुतेक वेळा आई असते!

गेल्या कार्यक्रमाला नोंदणीच्या टेबलवर अकरावीतली एक मुलगी होती. रेप टीममध्ये, म्हणजे निवडक खेळाडूंच्या टीममध्ये, डिफेन्सला खेळते. समोर पाहुण्यांची यादी, यादीखाली केमिस्ट्रीच्या नोट्स. कोणी आलं की नोट्स आत, यादी वर, “काका, तुमची चार कूपन्स,” आणि माणूस वळला की नोट्स पुन्हा बाहेर. हॉकीची बॅग गाडीतच होती. ती हॉलमध्ये का आणली नाही, हे ज्यांच्या घरी तशी बॅग आणि तिचा वास आहे त्यांना सांगायला नको. मी विचारलं, “दमलीस का गं?” तर म्हणाली, “काकू, आज सकाळी सहाचा आइस होता, प्रॅक्टिसचा.” एवढंच.

आता हे गणित मांडून बघा. तेरा ते अठरा या वयाला रात्रीची आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सहाला बर्फावर उतरायचं तर साडेचारला उठायला हवं, म्हणजे आदल्या रात्री साडेआठला अंथरुणात. मग असाइनमेंट कधी? प्रवासाच्या मॅचेस कधी? रंगीत पेनांनी वेळापत्रक आखून हे सुटत नाही. त्यातलं काहीतरी काढावंच लागतं, आणि आपल्या घरांमध्ये काढायची परवानगी कोणालाच नसते. पियानोही हवा, गणिताची जादा शिकवणीही हवी.

हॉकीला मात्र हे कळतं. चाळीस-पन्नास सेकंद जीव तोडून स्केट करायचं आणि बाकावर यायचं. बाकावर बसलेल्याला कोच आळशी म्हणत नाही. आपण घरी म्हणतो.

केन ड्रायडन आठवतात का? २०२५ मध्ये गेले. माँट्रिअल कॅनेडियन्सचे गोलकीपर. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी, मग एनएचएल ही व्यावसायिक आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग खेळता खेळता मॅकगिल विद्यापीठात कायद्याचा अभ्यास. १९७३ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकला, पगारावरून क्लबशी बिनसलं, तर गड्याने १९७३-७४ चा अख्खा सीझन सोडला आणि टोरंटोच्या एका लॉ फर्ममध्ये वकिलीची उमेदवारी केली. गोलकीपर बहुधा साठच्या साठ मिनिटं जाळ्यासमोर उभा असतो. वर्षभर बाहेर बसला तो नेमका गोलकीपर! परत आले आणि १९७६ ते १९७९ सलग चार कप जिंकले. पुढे खासदार झाले, मंत्री झाले.

कॅनडाच्या महिला संघाची हॉकीपटू हेली विकनहायझर हिने ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं आधी घेतली आणि डॉक्टर झाली २०२१ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. आपल्या मुंबईचा विरेन रस्किन्हा मैदानावरच्या हॉकीत भारताचा कर्णधार होता. त्याने विशीतच हॉकी थांबवून एमबीए केलं आणि आज तो ऑलिंपिकच्या खेळाडूंना उभं करणारी संस्था चालवतो. ड्रायडन यांनी काही वर्षं दोन्ही ओढलं हे खरं, पण वेळ आली तेव्हा त्यांनीही एक बाजूला ठेवलं.

मुलग्यांच्या पालकांसाठी एक माहिती. ओएचएलसारख्या मेजर ज्युनिअर, म्हणजे कॅनडातल्या वरच्या दर्जाच्या तरुण खेळाडूंच्या, लीगमध्ये खेळलेल्या मुलाला पूर्वी अमेरिकेतल्या एनसीएए डिव्हिजन वनचं, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेचं, दार बंद व्हायचं. सोळा वर्षांच्या पोराने आयुष्यभराचा निर्णय घ्यायचा! नोव्हेंबर २०२४ मध्ये तो नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडलं. तेव्हा सोळाव्या वर्षी सगळं ठरवून टाकण्याची घाई आता तरी कमी करा.

राहिली समाजसेवा. थकलेलं मूल हॉलच्या कोपऱ्यात खुर्च्या मांडून तास भरतं, त्यात मंडळालाही रस नाही. म्हणून यंदा एक बदल केलाय. मुलांनी आधी टीमच्या मॅचेस आणि परीक्षांच्या तारखा आम्हाला द्यायच्या. कामं आम्ही उरलेल्या दिवसांत बसवू. हॉकीवाल्यांची कामं शक्यतो उन्हाळ्यात. सीझनमध्ये जमणार नसेल तर ‘नाही’ असं लिहायला एक वेगळा रकाना आहे, आणि त्याचं कारण कोणी विचारणार नाही.

फॉर्म बाहेरच्या टेबलवर ठेवलेत. ते मुलांनी स्वतःच्या हाताने भरायचे आहेत. आई-बाबांनी पेन पुरवायला हरकत नाही.