जुनी सायकल वजनावर देऊ नका

(दृश्य: रविवार सकाळ, पुण्याचा जुना बाजार)

ही सायकल बघा. मडगार्ड चेपलंय, सीटच्या नुसत्या स्प्रिंगा उरल्यात, चेनकव्हर गायब. विकणारा म्हणतोय न्या, वजनावर देतो. पण शेजारी उकिडवे बसलेत ना ते काका, ते ना गंजाकडे बघतायत ना रंगाकडे, त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि थेट मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधला आरे जोडलेला भाग, पुसायला घेतला.

कारण तिथं तारीख असते.

इंग्लंडात नॉटिंगहॅमला स्टर्मी आर्चर कंपनीचे तीन गिअरचे हब बनायचे. गिअर सगळे आत, बाहेरून नुसता जाडसर हब आणि एक्सलमधून एक बारीक साखळी आलेली. हबवर एडब्ल्यू हे मॉडेलचं नाव आणि पुढं आकडे ठोकलेले असतात, समजा ५४ आणि ३ असेल तर मार्च १९५४. आता चाक नंतर बदललेलंही असू शकतं, म्हणून जाणकार माणूस तेवढ्यावर थांबत नाही, फ्रेमचा नंबर बघतो, पुढचं चाक धरणारा चिमटा बघतो, सगळ्या पार्टांचं वय एकमेकांशी जुळतंय का ते बघतो, आणि जुळलं ना की मग त्या सायकलची किंमत किलोत राहत नाही.

मग चेनव्हील, म्हणजे पायडलजवळचं दात्यांचं चाक. जुन्या इंग्लिश कंपन्या आपली खूण तिथंच कापायच्या, त्यामुळं नाव पुसलं गेलं तरी सायकल ओळखू येते. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये सरळ तीन अक्षरं, रजमध्ये माणसाचा पंजा, आणि हंबरमध्ये पाच माणसं गोल धरून उभी. हंबरचा तर पुढचा चिमटाही वेगळा, दोन्ही बाजूंना जोडनळ्यांचा, लांबून कळतो.

(दृश्य: कर्वेनगर, सायकल संग्रहालय)

पुण्यात हे सगळं जवळून बघायचं असेल तर कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे सायकल्स हे संग्रहालय आहे, नक्की जा. दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची पॅराट्रूपर सायकल तिथं आहे, मधून घडी होणारी, विमानातून सैनिकांबरोबर खाली टाकण्यासाठी बनवलेली. अशा सायकली ६० हजारांच्या वर बनल्या होत्या, तरी आज चांगली शाबूत मिळणं कठीण, म्हणून जगभर शौकीन तिच्या मागं असतात.

आता किंमत कशानं जाते ते सांगतो, कारण ही चूक मी स्वतः केलीय. माझ्याकडं एक रॅले आली होती, काळा रंग विटलेला, नळीवर सोनेरी रेघा अर्धवट, पुढं बगळ्याचा बिल्ला. मी उत्साहात सगळी खरवडून पावडर कोटिंग करून आणली, एकदम चकाचक, आणि घरी आल्यावर लक्षात आलं की त्या हातानं मारलेल्या रेघा, ते नावाचे ट्रान्सफर, म्हणजे रंगावर चिकटवलेली नावं, सगळं गेलं आणि ते परत आणता येणार नाही. काळा रंग कधीही मारता येतो हो, सत्तर वर्षांपूर्वीचा हात कुठून आणणार? म्हणून मूळ रंगातली, थोडी गंजलेली सायकल नव्यानं रंगवलेल्या सायकलपेक्षा जास्त मोलाची धरतात. ब्रुक्सची चामड्याची सीट, ल्युकासचा दिवा, पितळी पंप, अगदी नगरपालिकेचा सायकल टॅक्सचा बिल्ला जागेवर असेल तरी काढू नका.

आणि खोक्यातला भंगार माल फेकू नका. रॅलेच्या फ्रेममधल्या, पायडलच्या दांड्या जोडणाऱ्या एक्सलच्या बेअरिंगच्या वाट्यांना इंचाला २६ आटे, बाकीच्यांना साधारण २४, त्यामुळं दुसरी वाटी बसतच नाही, आणि एका वाटीसाठी माणसं चोर बाजारापर्यंत हिंडतात.

इथं बरेच जण फक्त मेड इन इंग्लंड शोधतात, ते मला पटत नाही. वरळीला बनलेली हिंद सायकल, आसनसोलची सेन-रॅले, १९४९ साली मद्रासला सुरू झालेल्या टीआय सायकल कंपनीची हर्क्युलस, या सायकलींवर दूधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार फिरले आणि झिजेपर्यंत वापरून भंगारात घातल्या. जपून कोणी ठेवल्या नाहीत, म्हणून मूळ स्थितीतली हिंद दिसली तर मी तरी सोडणार नाही.

रेसिंगवाल्यांचं जग वेगळं. तिथं नळीवरचं स्टिकर वाचतात. रेनॉल्ड्स ५३१ हे स्टील १९३५ साली आलं, टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशी नळी, म्हणजे जोडाला ताकद आणि वजन कमी. इटलीच्या तस्कनीत १९९७ पासून लेरोइका नावाची राइड होते, कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून, आणि सायकल १९८७ च्या आधीची लागते, गिअरच्या दांड्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबली बाहेरून. या राइडमुळं माळ्यावर पडलेल्या कितीतरी सायकली परत रस्त्यावर आल्या, आणि मागणी वाढली तशी किंमतही.

स्टीलची मजा म्हणजे ते दुरुस्त होतं. चिमटा वाकला तर सरळ करता येतो, नळी गेली तर जोड तापवून पितळ वितळवायचं आणि नवी नळी बसवायची.

(दृश्य: परत जुना बाजार)

काकांचा हब पुसून झाला. आकडा निघाला, ५२. सायकल घेतली त्यांनी. दोन्ही टायर मात्र पार चिरलेले, तशीच हातानं ढकलत पेठेतल्या सायकलच्या दुकानात नेली. अठ्ठावीस दीडचा, म्हणजे २८ इंची आणि दीड इंच जाड टायर मागितला आणि दुकानदारानं वर टांगलेला काढून दिला, नवा कोरा, कारण आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तीच साइज इतकी वर्षं चालू ठेवलीय, आरेसुद्धा तेच, पुढं ३२ मागं ४०. इंग्लंडातल्या शौकिनांना हाच टायर शोधत बसावा लागतो.

हवा भरली. काकांनी चाक उचलून फिरवलं, हबमधून टिकटिक आली, आणि दुकानदारही पाना खाली ठेवून ऐकत उभा राहिला.