दोन पोती ज्वारी

मार्च उजाडला की सोलापूर जिल्ह्यातल्या काळ्या रानांमधली रब्बी ज्वारी काढून, मळून बाजारात येऊ लागते आणि अक्कलकोट रस्त्याकडच्या एका चाळीतल्या दोन खोल्यांच्या घरात वर्षातली सर्वांत मोठी खरेदी होते. या घरातले वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई घरी बसून विड्या वळते आणि गल्लीतल्या बायकांच्या भिशीत आपली पाळी मार्च महिन्यातच यावी, असे तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेले असते. त्या रकमेतून मालदांडी ज्वारीची क्विंटलाची दोन पोती घरात येतात. धान्याचा भाव नव्या सुगीत उतरलेला असतो आणि पावसाळ्यानंतर तो चढत जातो, हे या भागात कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु या घराला ही बेगमी चुकवताच येत नाही, कारण इथल्या थोरल्या मुलीला गहू चालत नाही.

तिला सिलिॲक हा आजार आहे. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखेच एक धान्य) या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. ते पोटात गेले की तिच्या शरीराची संरक्षण यंत्रणा तिच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषून घेणारे आतल्या बाजूचे बारीक अंकुर झिजत जातात. तिसरीत असताना तिची उंची वाढेनाशी झाली होती, पोट सतत बिघडत होते आणि लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त वाढत नव्हते. रक्ततपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून घेतलेला आतड्याचा नमुना, अशा दोन पायऱ्यांनी निदान झाले. एक गोष्ट इथे आवर्जून सांगितली पाहिजे. शंका आली म्हणून कोणी तपासणीपूर्वीच गहू बंद केला, तर आजार असूनही अहवालात तो न दिसण्याची शक्यता असते. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य, हा क्रम मोडू नये. या आजारावर आजमितीला औषध नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच उपचार आहे.

गहू आणि हा आजार यांचा संबंध लक्षात येण्यामागेही टंचाईचा एक काळ उभा आहे. विलेम डिके हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ गव्हाविषयी आधीपासूनच संशय बाळगून होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या हिवाळ्यात, तिथे उपासमार पसरली आणि पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडची या आजाराची मुले सुधारली; पाव पुन्हा मिळू लागताच ती पुन्हा आजारी पडली. ज्या दिवसांत बाकी सारे खंगत होते, त्या दिवसांत ही मुले सावरत होती.

सोलापूरच्या या घराची टंचाई वेगळी होती. निदानाला वर्षही झाले नव्हते आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. माग थांबले, आठवड्याचा पगार थांबला, विडीची पाने आणि तंबाखू मिळेनासा झाला. त्याआधीचे काही महिने आईवडिलांनी ग्लुटेनमुक्त असे छापलेली पिठाची पाकिटे आणि बिस्किटे पदरमोड करून आणली होती. त्यांची किंमत साध्या ज्वारीच्या कितीतरी पट होती आणि मुलीला त्यांची चवही आवडत नव्हती. टाळेबंदीत ती पाकिटे बंद झाली, ती पुन्हा कधीच आली नाहीत. घरात होती ती ज्वारी. आजी तेव्हा म्हणाली की १९७२च्या दुष्काळात आम्ही परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, इथे तर घरची पांढरी ज्वारी आहे. पोरीला काय कमी आहे?

आजीचे म्हणणे माझ्या मते अर्धे खरे होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, साबुदाणा आणि सगळ्या डाळी यांत ग्लुटेन मुळातच नसते. ज्या जिल्ह्यात मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, जिथल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून मालदांडी ३५-१ हे वाण महाराष्ट्रभर गेले, तिथे गहू सोडलेल्या माणसाला उपाशी राहण्याचे कारण नाही. मात्र ज्वारी शुद्ध असणे आणि ती शुद्ध राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या घराचा खरा खर्च, पैशाचाही आणि कष्टाचाही, दुसऱ्या गोष्टीवर होतो.

पहिली अडचण गिरणीची होती. एकाच दगडावर गहू आणि ज्वारी दळली, तर आधीच्या गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते आणि या आजारात चिमूटभर पीठही पुरेसे असते. बाजारातल्या पदार्थावर ग्लुटेनमुक्त असे छापण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे लागते, यावरून प्रमाण किती सूक्ष्म आहे ते कळते. आई तीन गिरण्या फिरली. शेवटी ज्वारीसाठी वेगळे जाते ठेवणारी एक गिरणी सापडली. तरीही आई सकाळी गिरणी उघडताच तिथे पोचते, पहिली किलोभर ज्वारी दळून ते पीठ घरातल्या इतरांसाठी बाजूला काढते आणि त्यानंतरचे पीठ झाकणाच्या वेगळ्या डब्यात घेते. हरभऱ्याची डाळही ती अशीच दळून आणते, कारण सुट्या बेसनात काय मिसळले असेल याची खात्री देता येत नाही.

दुसरी अडचण रेशनची. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि त्यात गहू असतो. हे धान्य नाकारण्याची या घराची ऐपत नाही, तर गव्हाचे पीठ या एका ओट्यावर उडवण्याची सोय नाही. तांदूळ तर सगळ्यांनाच चालतो. गव्हाच्या बाबतीत तोडगा निघाला तो शेजारच्या खोलीत राहणाऱ्या जाऊबाईंमुळे. गहू त्यांच्याकडे जातो, त्यांच्याच परातीत कणीक मळली जाते आणि वडिलांच्या व धाकट्या मुलाच्या पोळ्या झाकलेल्या डब्यातून तयार होऊन येतात. त्या बदल्यात जाऊबाईंच्या घरच्या भाकरी ही आई थापते. दोन स्वयंपाकघरे असावीत असे डॉक्टर सुचवतात. दोन खोल्यांच्या घरात ती अशी मिळाली.

घरातली लाकडी काठवट आजीच्या सासूची आहे. तिच्यात आता भाज्या निवडतात. लाकडाच्या चिरांमध्ये वर्षानुवर्षांचे गव्हाचे पीठ मुरलेले असते आणि ते कितीही घासले तरी निघत नाही, म्हणून मुलीच्या भाकरीसाठी स्टीलची परात आणि नवा तवा घेतला. काठवट टाकून द्यायला मात्र कोणाचे मन झाले नाही.

इतके करूनही पहिले सहा महिने मुलीचे पोट अधूनमधून बिघडत राहिले. आहारतज्ज्ञ बाईंनी घरातले मसाल्याचे सगळे डबे घेऊन बोलावले, एकेक लेबल वाचले आणि हिंगाच्या डबीवर बोट ठेवले. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, काहींत तांदळाचे असते. जी चिमूट रोज वरणाच्या फोडणीत पडत होती, तीच घात करत होती. आता या घरात हिंग नाही; फोडणी जिरे, लसूण आणि कढीपत्त्याची असते. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतो, शेवया आणि रवा गव्हाचेच असतात, हे सगळे आईला आता तोंडपाठ आहे.

आठवड्याचा स्वयंपाक रविवारी सकाळी उभा राहतो. ग्लुटेन नसल्यामुळे ज्वारीचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही. त्याला बांधून ठेवते ते उकळत्या पाण्याने फुललेले पिठातले स्टार्च. म्हणून आधण घालून, भरपूर मळून भाकरी थापावी लागते आणि पीठ ताजे असावे लागते. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी कडेला फाटते. आई एका वेळी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्तीचे दळण आणत नाही. किलोभर पिठाच्या मध्यम आकाराच्या ९-१० भाकरी होतात. मुलीला दिवसाला पाव किलो पीठ लागते असे धरले, तर तिच्या एकटीचीच वर्षाला सुमारे ९० किलो ज्वारी होते. म्हणजे एक पोते जवळजवळ तिचेच; दोन पोत्यांचा हिशेब तिथून आला.

त्याच दिवशी कडक भाकरी होतात. पातळ थापलेली भाकरी तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजून घ्यायची, मग मंद आचेवर फडक्याने दाबत राहून तिच्यातला ओलावा पूर्ण घालवायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरायची, कारण कोमट असताना झाकण लावले तर आतल्या वाफेने ती मऊ पडते. अशी भाकरी महिनाभर सहज टिकते. एकदा तापलेला तवा तीस-चाळीस भाकरींच्या कामी येतो, गॅस वाचतो आणि ज्या दिवशी मागावर जादा पाळी लागते किंवा आई आजारी पडते, त्या दिवशीही मुलीला बाहेरचे काही खावे लागत नाही. सोबत शेंगा चटणी असतेच. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात तेल सुटेपर्यंत कुटले की सोलापूरच्या माणसाचे अर्धे जेवण तयार होते. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात, हे मुद्दाम सांगतो, कारण चटणीला आपण तोंडी लावणे समजतो आणि या घरात ती पोषणाचा भाग आहे.

मात्र केवळ ज्वारीवर भागत नाही, आणि आजीच्या म्हणण्यातले न पटणारे अर्धे ते हेच. झिजलेल्या आतड्यामुळे लोह आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडलेले असतात. शंभर ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम असते, तर बाजरीत सहाच्या वर. म्हणून थंडीत आठवड्यातून तीनदा तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते. कॅल्शियमच्या बाबतीत फरक फारच मोठा आहे. ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमपेक्षाही कमी, तर नाचणीत ३६०च्या वर असते. नाचणी या भागात पिकत नाही, ती विकत घ्यावी लागते, तरीही महिन्याला किलोभर नाचणीची आंबील ताकात करून मुलीला दिली जाते. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे माडगे, मोड आलेली मटकी, हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला, असे पदार्थ पाळीपाळीने येतात. जेवणावर लिंबू पिळायचे आणि जेवणानंतर तासभर चहा घ्यायचा नाही, कारण लिंबाने लोह अंगी लागते आणि चहाने ते अडते.

मुलीची उंची पुढच्या दोन वर्षांत भराभर वाढली. दाराच्या चौकटीवर वडिलांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा दिसत आहेत. खालच्या तीन खुणा जवळजवळ एकमेकींना चिकटून आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेत मैत्रिणी भजी आणि शेवपुरी घेतात तेव्हा ती पिशवीतून आपला डबा काढते. तिला वाईट वाटत नाही असे आम्ही म्हणणार नाही. ती स्वतःही तसे म्हणाली नाही.

यंत्रमागाला या वर्षी पुन्हा ऑर्डर कमी आहेत आणि वडिलांना आठवड्यातले चारच दिवस काम मिळते. पोत्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, फळीवर भिंतीपासून दूर ठेवलेली ज्वारी फेब्रुवारीपर्यंत पुरायची आहे. रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर होते, पुढे ती बहुतेक जमिनीतल्या ओलीवरच वाढते आणि तो पाऊस हुकला तर मार्चमधला भाव उतरत नाही. म्हणून ऑक्टोबर लागला की आई दर दोन दिवसांनी मंगळवेढ्याच्या आपल्या भावाला फोन लावते. ख्यालीखुशाली नंतर होते. आधी ती विचारते, “दादा, रानात ओल किती खोल गेलीय?”