रिक्षाचं भाडं आणि रेषेचा वाय-आंतरछेद

श्रोतेहो, नमस्कार. दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांनो, वही-पेन्सिल घ्या. रेडिओला फळा नाही, आकृती तुम्हालाच काढायची आहे.

आडवा एक्स-अक्ष, उभा वाय-अक्ष आणि एक तिरकी रेषा. ती उभ्या अक्षाला जिथे छेदते, तिथला वाय म्हणजे तिचा वाय-आंतरछेद. उभ्या अक्षावर सगळीकडे एक्स शून्यच असतो, म्हणून समीकरणात एक्सच्या जागी शून्य ठेवायचं. ३ एक्स अधिक २ वाय बरोबर १२ घ्या. एक्सचं पद गेलं, २ वाय बरोबर १२ उरलं, वाय आला ६. घाईत बरीच मुलं उजवीकडचा १२ तसाच उत्तरात उतरवतात, दोनाने भागायचं राहून जातं.

आता आपल्या पुण्यातली रिक्षा. सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७. स्वारगेटला बसलात आणि साडेतीन किलोमीटरवर उतरलात, तर ५९ रुपये. साडेपाचवर उतरलात, तर ९३. अंतर दोनने वाढलं, भाडं ३४ने. म्हणजे चढ १७. वाय बरोबर एम एक्स अधिक सी, यात एक्स म्हणजे अंतर, वाय म्हणजे भाडं, एम म्हणजे चढ आणि सी म्हणजे वाय-आंतरछेद. एक्सच्या जागी साडेतीन घाला. सतरा गुणिले साडेतीन होतात साडेएकोणसाठ, भाडं तर एकोणसाठच. म्हणून सी आला उणे अर्धा. उणे पन्नास पैसे!

पुष्कळांच्या मनात २५ आले असतील, आणि ते साहजिक आहे. रिक्षात बसताक्षणी मीटर २५च दाखवतो. पण नीट बघा, या आलेखात रेषेचे तुकडे दोन आहेत. शून्यापासून दीड किलोमीटरपर्यंतचा तुकडा आडवा, त्याचा आंतरछेद २५. चढाचा तुकडा दीडच्या पुढे सुरू होतो. तो मागे वाढवत नेला, की दीड किलोमीटरमध्ये साडेपंचवीस रुपये उतरतात आणि रेषा शून्याच्या जराशी खाली जाते. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण सूत्र बिनचूक चालतं, तरी ते कुठून कुठपर्यंत लागू आहे हे आपणच तपासावं लागतं.

उभ्या रेषेचं तेवढं लक्षात ठेवा. एक्स बरोबर ४ ही रेषा वाय-अक्षाला समांतर, तिला वाय-आंतरछेदच नाही.

आणि घरी एक करून बघा: पहिल्या टप्प्याचे २५ऐवजी साडेपंचवीस रुपये धरा. चढाची रेषा मागे वाढवली, की थेट आरंभबिंदूतून जाईल.