पिशवीचा कोपरा

(दृश्य: पहाटेचा अंधार. सोसायटीच्या फाटकाशी दुधाचे क्रेट उतरताहेत.)

क्रेट आदळतात, कुत्रं एकदा भुंकून गप्प होतं आणि दाराच्या कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत दुधाच्या दोन पिशव्या पडतात. थोड्या वेळानं आत कात्री चालते. कोपरा उडतो, दूध पातेल्यात. ओट्यावर पडलेला तो तिकोनी तुकडा नीट पाहून ठेवा. आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

महाराष्ट्रात रोज 1 कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यातून 31 टन प्लास्टिक निघतं, असं 2019 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं होतं. भागाकार केला की एक पिशवी तीन ग्रॅमची निघते. तीन ग्रॅमच्या पदरात अर्धा लिटर दूध! आरेच्या काचेच्या बाटल्या आणि त्यांची पत्र्याची चकचकीत टोपणं मुंबईतल्या जुन्या मंडळींना आठवत असतील. त्या बाटल्या गोड होत्या खऱ्या, पण भरलेली बाटली पोहोचवायची, रिकामी परत आणायची, धुवायची, फुटली तर सोसायची. पिशवीनं हा सगळा व्याप एका झटक्यात मिटवला. प्लास्टिक बाजारात आलं ते हलकं म्हणून, आणि टिकलंय तेही त्याचमुळे.

(दृश्य: फिल्मचा कारखाना. यंत्रातून वर चढणारा पारदर्शक फुगा.)

ही पिशवी येते कुठून? बॉम्बे हायचा वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो. त्यातले काही घटक रायगडमधल्या नागोठण्याच्या प्रकल्पात जातात आणि तिथं पॉलिथिनचा, म्हणजे पिशवीच्या प्लास्टिकचा, दाणा तयार होतो. फिल्मच्या कारखान्यात दाणा वितळवून त्यात हवा फुंकतात. दोन-तीन मजले उंच फुगा वर चढतो, थंड होतो, चपटा होऊन रिळावर गुंडाळला जातो. पिशवीला दोन-तीन थर असले तरी सगळे थर एकाच जातीच्या प्लास्टिकचे. ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. भंगारवाल्याला मात्र ती बरोबर कळते.

आता शाम्पूची पुडी घ्या. तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरून विकायची कल्पना रुजवली. 1983 मध्ये त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी स्वतःचा व्यवसाय काढला आणि 'चिक' शाम्पूची पुडी खेडोपाडी पोहोचवली. महिन्याची बाटली ज्यांना परवडत नव्हती, त्यांना एका आंघोळीपुरता शाम्पू घेता येऊ लागला. पुडीला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. पण तिची रचना बघा. बाहेर छपाईसाठी पॉलिएस्टर, मध्ये ओल आणि हवा अडवणारा धातूचा मुलामा, आत तोंड चिकटवायला पॉलिथिन. हे थर एकमेकांपासून सोडवायचे तर पुडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. वजन तर इतकं कमी, की कचरावेचक बाईंनी दिवसभर वेचल्या तरी काट्यावर जेमतेम काही भरायचं. म्हणून त्या वेचतच नाहीत. पुडी गटारात राहते.

(दृश्य: धारावी, तेरा कंपाउंड. रंगांनुसार निवडलेल्या प्लास्टिकचे ढीग.)

इथं तुकडा हातात घेऊन चुरगळतात, कधी जाळून वास घेतात आणि जात ओळखतात. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून आणली तर तिला भाव आहे. मात्र ती वितळवून पुन्हा दुधाची पिशवी होत नाही. तिच्या वाट्याला काळी कचऱ्याची पिशवी येते, नाहीतर पाइप.

कायद्यानं काय केलं? 26 जुलै 2005 ला मुंबईत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांतल्या पिशव्यांवर तेव्हा सगळ्यांचा राग निघाला. 23 मार्च 2018 ला राज्यानं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड. भाजीवाल्या मावशींची कॅरीबॅग पकडली गेली. कारखान्यातूनच भरून येणारं वेष्टन सुटलं. दुधाच्या पिशवीवर 50 पैसे ठेव घेऊन ती परत करायची, असंही ठरलं होतं. तुम्हाला कुणी 50 पैसे परत दिले?

खरा बदल त्यानंतर, कमी गाजावाजा करत आला. 2022 मध्ये केंद्रानं उत्पादकांवर जबाबदारी टाकली: जेवढं वेष्टन बाजारात आणाल, तेवढं गोळा करून त्याची विल्हेवाट लावा. नव्या वेष्टनात जुना दाणा, म्हणजे वापरलेलं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा, किती वापरायचा, त्याचंही प्रमाण ठरलं. बाटल्या-डब्यांसारख्या कडक प्लास्टिकमध्ये 2025-26 ला 30 टक्के, 2028-29 पर्यंत 60. लवचीक पिशव्यांना 10 वरून 20. बहुथरी पुडीला 5 वरून फक्त 10. या आकड्यांतच पुढची बाजारपेठ दिसते. पेट बाटलीचं, म्हणजे पाण्या-शीतपेयाच्या पारदर्शक बाटलीचं, चांगलं चाललंय. अन्नासाठी पुनर्वापरित पेटला परवानगी मिळाली आणि 2023 मध्ये पूर्णपणे जुन्या पेटपासून बनवलेली पाण्याची बाटली भारतात विकायलाही आली. पुडी बनवणारे आता सगळे थर एकाच जातीचे करता येतात का, या खटपटीत आहेत. म्हणजे पुडीला दुधाच्या पिशवीसारखं व्हायचं आहे.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, कागदावरची. जबाबदारी पार पाडल्याची प्रमाणपत्रं विकत घेता येतात आणि 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखो प्रमाणपत्रं बनावट निघाली. प्लास्टिक वितळलंच नव्हतं, वितळला होता तो शिक्का. दुसरी अडचण तेलाची. कच्चं तेल उतरलं की कोरा दाणा स्वस्त होतो, जुन्या दाण्याचं गिऱ्हाईक पळतं आणि त्याची झळ थेट काट्यापर्यंत पोहोचते. प्लास्टिकवर जागतिक करार झाला असता तर कदाचित थोडा आधार मिळाला असता. 2024 ला बुसानमध्ये आणि ऑगस्ट 2025 ला जिनिव्हात देश बसले आणि करार न करताच उठले.

माझा अंदाज विचाराल तर प्लास्टिकचं वेष्टन कमी होणार नाही. दूध, बिस्किटं, औषधं, घरपोच येणारी पार्सलं, सगळं वाढतंच आहे. बदलेल ती त्याची जात. ज्याला भंगारात भाव, ते वेष्टन टिकेल. ज्याला नाही, त्याच्यावर कंपनीला दरवर्षी जास्त पैसे मोजावे लागतील. गोव्यानं 2024 मध्ये वेष्टनावर ठेव घेऊन परत करायची योजना अधिसूचित केली आहे. ठेवीची रक्कम माणसाला वाकून बाटली उचलायला लावेल इतकी असली, तरच ती चालेल.

(दृश्य: पुन्हा तेच स्वयंपाकघर. कात्री.)

आता तो कोपरा. पिशवी धुऊन भंगारात जाते, पण तुकडा केराबरोबर जातो. एवढासा तुकडा कुणी वेचत नाही, कुठल्या चाळणीत अडकत नाही. एका घरातून रोज दोन, राज्यातून रोज कोटीच्या घरात. कात्री पूर्ण न चालवता कोपरा लोंबता ठेवला, तर तोही पिशवीबरोबर काट्यावर चढतो.

(दृश्य: ओट्यावर धुऊन उलटी वाळत घातलेली पिशवी. कोपरा तिलाच लटकलेला. बाहेरून हाक येते: "भंगाऽऽर!")