चर्चच्या भिंतीत हिरे: नॉर्डलिंगनची गोष्ट

नमस्कार मंडळी! आधी हा मॅप बघा. जर्मनीत बव्हेरियामधलं हे नॉर्डलिंगन, वस्ती जेमतेम 20,000, लाल कौलांची घरं आणि भोवती जवळजवळ गोल तटबंदी, 2.7 किलोमीटरची, अजूनही अख्खी शाबूत, वरून चालत पूर्ण फेरी मारता येते.

आता झूम आऊट करूया. गावाभोवती सपाट शेतजमीन आणि कडेनं टेकड्यांचं कडं दिसतंय ना? हे आहे रीस विवर, व्यास साधारण 24 किलोमीटर. आपलं लोणार 1.8 किलोमीटरचं, त्यावरून अंदाज करा! दीड कोटी वर्षांपूर्वी सुमारे एक किलोमीटरचा लघुग्रह इथे आदळला, त्या दाबानं खडक वितळले, चुरा झाले आणि परत घट्ट बसून सुएवाइट नावाचा करडा दगड तयार झाला, आणि खडकातल्या ग्राफाइटचे झाले हिरे, पण इतके बारीक की मायक्रोस्कोपशिवाय दिसायचे नाहीत.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की लोकांनी जवळच्या खाणीतला हाच दगड काढून सेंट जॉर्ज चर्च बांधलं, त्याचा टॉवर 90 मीटरचा, त्याला सगळे डॅनियल म्हणतात. म्हणजे कित्येक पिढ्या हिरे असलेल्या भिंतींच्या आत प्रार्थना करत होत्या आणि कुणाला पत्ताच नाही. शास्त्रज्ञसुद्धा बराच काळ हे विवर ज्वालामुखीचंच समजत होते. 1960 मध्ये यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या भूशास्त्रज्ञांनी इथल्या दगडात कोएसाइट दाखवलं, प्रचंड दाबाखालीच बनणारं क्वार्ट्झ या खनिजाचं रूप, जे ज्वालामुखीच्या तोंडाशी बनूच शकत नाही, आणि वाद मिटला.

इतिहासही मोठाय. 1215 पासून हे थेट पवित्र रोमन सम्राटाच्या अखत्यारीतलं शहर, जत्रेच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. मग युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात 1634 ला शेजारीच मोठी लढाई झाली, स्वीडिश सैन्य पार हरलं, गावाची रया गेली. 1803 मध्ये ते बव्हेरियात आलं.

ऑगस्ट 1970 मध्ये मात्र इथे खास पाहुणे आले, अपोलो 14 या चांद्रमोहिमेचे अंतराळवीर अ‍ॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल. चंद्रावर असेच आघाताचे खडक भेटणार म्हणून ते ओळखायचा सराव त्यांनी इथल्या खाणींमध्ये केला. गेलात तर रीस विवराचं म्युझियम चुकवू नका, तिथे अपोलो 16 नं आणलेला चंद्राचा खराखुरा दगड बघायला मिळतो.