फडावर गेलेला आवाज

(दृश्य : बालाघाटचा डोंगर, पहाट. वेशीबाहेर उभे ट्रॅक्टर.)

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा या भागातली गावं अर्धी रिकामी होतात. ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते. घराला कुलूप लागतं. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, एखादी शेळी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयता ऊसतोडीला जातो, तो परततो गुढीपाडव्याच्या आगेमागे. काही लेकरं सोबत जातात, काही आजीजवळ राहतात.

(दृश्य : दोन खोल्यांची शाळा.)

ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षक, चार वर्ग. भिंतीवर ३२ इंची टीव्ही, गावाच्या लोकवर्गणीतून घेतलेला. धूळ बसू नये म्हणून त्यावर फुलाफुलांचा टेबलक्लॉथ. लाइट असली तर टीव्ही. नसली तर गुरुजींचा मोबाइल.

बालभारतीच्या पुस्तकात धड्याशेजारी क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा अ‍ॅपवर त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. पुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला होता. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. इथं मात्र कोड आहे, रेंज नाही. रेंज येते ती खिडकीच्या वरच्या गजापाशी, म्हणून तिथं मोबाइल अडकवायला सुतळीचा एक फास कायमचा लटकलेला. व्हिडिओ गुरुजी आदल्या रात्री तालुक्याच्या घरी उतरवून आणतात.

खरं सांगायचं तर व्हिडिओपेक्षा आम्हाला भावलं ते मोबाइलमधलं साधं रेकॉर्डर.

(दृश्य : तिसरीतली मुलगी, हातात पुस्तक.)

जोडाक्षर आलं की ही अडखळते. 'प्रार्थना'तला र कुठं चढवायचा, कळत नाही. गुरुजी चूक काढत नाहीत. तिचं वाचन रेकॉर्ड करतात आणि तिलाच ऐकवतात.

"सर, हा माझा आवाज न्हाई!"

वर्ग हसतो. पण तिनं चूक पकडलेली असते. पुन्हा वाचते. पुन्हा ऐकते. चौथ्या खेपेला 'प्रार्थना' सरळ येते, आणि ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवरून सांगलीकडच्या उसाच्या फडात जातं, बापाच्या मोबाइलवर.

मध्येच गुरुजी त्याच मोबाइलवर आज पोषण आहाराची ताटं किती, ते ऑनलाइन भरतात. मग आणखी एक माहिती, मग त्या माहितीचा फोटो. गजाला बांधलेला मोबाइल जरा वेळ कार्यालयाचा होतो आणि पहिलीची पोरं खडूनं फरशी रंगवतात. शिकवायला आणलेल्या यंत्राचा निम्मा जीव हिशेबातच जातो, असं आमचं मत झालं. गुरुजी यावर काही बोलले नाहीत, फक्त चार्जर शोधत राहिले.

तिकडं फडावर आईबापाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नाही. मोबाइल चार्ज होतो चहाच्या टपरीवर, उसाची गाडी खाली होईस्तोवर. त्यामुळं उत्तर येतं ते रात्री उशिरा.

(दृश्य : दुसरी सकाळ. मोबाइल मुलीच्या कानाशी.)

मागं ट्रॅक्टरची घरघर. मग आईचा आवाज, थोडा ओरडूनच बोललेला :

"ऐकलं गं बाई. समद्या टोळीला ऐकवलं. आता पुढचा धडा वाच."

मुलगी पुस्तकाची पानं उलटते. मग थांबते.

"सर, आजून एकदा लावा की."