उतारवयाचं ताट आणि पोटातले जिवाणू

श्रोतेहो, नमस्कार.

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क नावाचं शहर आहे. ली नदीच्या दोन फाट्यांमध्ये त्याचा जुना भाग वसलाय. पाऊस तिथं असा ऋतूपुरता नसतोच, तो बारा महिने अधूनमधून येतच राहतो. या शहरातल्या विद्यापीठात, युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये, मी पीएच.डी. करते आहे. माणसाच्या आतड्यात राहणारे जिवाणू आणि म्हातारपण यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, हा माझ्या अभ्यासाचा विषय. सोलापूरच्या मुलीनं त्यासाठी एवढ्या लांब जायचं कारण म्हणजे, या प्रश्नावरचं एक फार महत्त्वाचं काम त्याच गावात झालंय.

एल्डरमेट हे त्या प्रकल्पाचं नाव. त्याचा गाजलेला निबंध २०१२ साली नेचर या नियतकालिकात आला. कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी १७८ वयस्क मंडळींच्या विष्ठेचे नमुने तपासले होते. त्यातली काही जण आपापल्या घरी राहणारी होती, काही दिवसापुरती रुग्णालयात येऊन जाणारी, तर काही कायमची वृद्धांच्या शुश्रूषागृहात राहायला गेलेली. सगळी एकाच भागातली आणि उतारवयातलीच. तरीही जिवाणू बघितले की कोण घरी राहतं आणि कोण शुश्रूषागृहात, हे बऱ्याच अंशी ओळखता येत होतं. घरी राहणाऱ्यांच्या आतड्यात जिवाणूंचे पुष्कळ प्रकार होते. संस्थेत राहणाऱ्यांच्यात ते कमी झालेले होते. आणि ज्यांच्यात ते कमी, त्यांच्यात अशक्तपणा जास्त, शरीरातली सूजही जास्त, म्हणजे बाहेरून दिसणारी नव्हे, आतला दाह.

मग संशोधकांनी त्यांचं खाणं बघितलं. घरच्या जेवणात फळं, भाज्या, कडधान्यं, मासे असं काहीबाही असायचं. संस्थेत मऊ, पचायला सोपं, रोज साधारण तेच. ताट आधी बदललं आणि जिवाणू मागाहून, सावकाश बदलत गेले. हा क्रम मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वय कुणाच्या हातात नाही, पण ताट आहे.

हे जिवाणू आहेत तरी किती? पूर्वी सांगत असत की आपल्या शरीरातल्या पेशींच्या दहापट. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा आकडा आला सुमारे ३८ लाख कोटी. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. वजन म्हणाल तर सगळे मिळून पाव किलोच्या आत. जो चोथा आपल्याला पचत नाही, तो यांचं अन्न. तो आंबवून ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना लागणारी बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. चोथा मिळेनासा झाला की यातले काही जिवाणू आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावरच गुजराण करू लागतात. शेताचा बांध उंदरांनी पोखरावा तसा तो थर पातळ होत जातो, नको ते पदार्थ पलीकडे झिरपतात, आणि शरीरात बारीकशी सूज कायमची घर करून बसते. क्लॉडिओ फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञानं २००० सालीच म्हातारपणाचा आणि या धुमसत्या सुजेचा संबंध मांडला होता.

प्रयोगशाळेतलं माझं काम कसं चालतं ते सांगते. यातल्या बहुतेक जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक जिवाणू, जो निरोगी माणसात भरपूर असतो, तो तर उघड्या हवेत काही मिनिटांतच मरतो. म्हणून आमच्याकडे पारदर्शक प्लॅस्टिकचा एक मोठा तंबू आहे. आत नायट्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन. तंबूच्या भिंतीलाच रबरी हातमोजे जोडलेले. बाहेर उभं राहून त्यात खांद्यापर्यंत हात घालायचे आणि आतलं काम करायचं. माध्यमाच्या, म्हणजे जिवाणू ज्यात वाढवतात त्या पातळ अन्नाच्या, बाटलीत रेझाझुरिन नावाचा रंग असतो. प्राणवायू नसेल तर बाटलीत रंग दिसत नाही, आणि जरा जरी शिरला तरी गुलाबी छटा येते. त्या हातमोज्यांत दोन-दोन तास बोटांच्या टोकांनी झाकणं फिरवताना डोळे सारखे त्या बाटलीकडे असतात. आणि वासाचं विचाराल, तर खवट लोण्याला जो वास येतो तो याच ब्युटिरिक आम्लाचा. तो आला की मला बरं वाटतं, कारण जिवाणू कामाला लागलेत हे त्यावरून कळतं.

परदेशातल्या राहण्याबद्दल लोक नेहमी विचारतात. घरभाडं फार आहे, विद्यावेतनातला मोठा वाटा त्यातच जातो. डिसेंबरात साडेआठनंतर उजाडतं आणि साडेचारच्या आत अंधार पडतो. प्राध्यापकांना पहिल्या नावानं हाक मारायची तिथली रीत अंगवळणी पडायला वेळ लागला. हे सगळं निभतं. घरात माझ्यासोबत ब्राझीलच्या दोघी राहतात. त्या रविवारी काळ्या घेवड्याची उसळ करतात, मी भाकरी थापते, आणि आमचं छान जमतं. ज्वारीचं पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळतं. मात्र विरजण त्या थंडीत बाहेर लागत नाही, ओव्हनचा दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवावं लागतं.

मला तिथं खरी माया मिळाली ती आम्हाला नमुने देणाऱ्या वयस्क मंडळींकडून. ही माणसं स्वखुशीनं येतात. दंडातून रक्त देतात, पकड किती घट्ट आहे ते मोजू देतात, चालण्याचा वेग बघू देतात, आणि ज्याबद्दल कुणी चारचौघांत बोलत नाही तो डबाही संकोच न करता हातात ठेवतात. कुणाची नातवंडं ऑस्ट्रेलियात, कुणाचा मुलगा कॅनडात. पिढ्यान्‌पिढ्या देशाबाहेर जाणाऱ्यांचा हा देश आहे, त्यामुळे दूर गेलेल्या मुलीची विचारपूस कशी करायची हे त्यांना ठाऊक असतं.

त्यांतल्या ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंना मी आहाराची प्रश्नावली भरून घेताना लहानपणीचं जेवण विचारलं. ओटची लापशी, सालासकट उकडलेले बटाटे, कोबी, घरी भाजलेला सोड्याचा पाव आणि लोणी काढून उरलेलं ताक. आणि आता? चहा आणि टोस्ट. "एकटीसाठी कोण चूल पेटवतं, बाळ?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुझी आजी काय जेवते?"

त्या रात्री मी घरी फोन केला. आजी म्हणाली, "मला आता काय लागतं गं? वाटीभर दूधभात." कवळी सैल झाल्यापासून आईनं तिला भाकरी देणं बंद केलं होतं. सकाळी चहात बुडवून मारी बिस्किटं, दुपारी वरणभात, रात्री दूधभात. यात हेळसांड कुठंच नव्हती, सगळं मायेपोटीच चाललेलं होतं. कॉर्कच्या निबंधात मी जे आकड्यांत वाचलं होतं, ते आमच्याच स्वयंपाकघरात घडत होतं.

श्रोतेहो, इथं एका गोष्टीची काळजी घ्यायला हवी. जिवाणूंनी आयुष्य वाढतं, अशा जाहिरातींचं हल्ली पेव फुटलंय. ही कल्पना जुनीच आहे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉफ, ज्यांना रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चं नोबेल मिळालं, ते आंबवलेलं दूध रोज घेत आणि आतड्यातल्या कुजण्यामुळे म्हातारपण येतं असं सांगत. १९१६ साली, ७१ व्या वर्षी ते गेले. अलीकडचे प्रयोग त्या मानानं भक्कम आहेत. जर्मनीत कोलोनच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०१७ साली किलिफिश नावाच्या, जेमतेम काही महिने जगणाऱ्या आफ्रिकी माशांवर प्रयोग झाला. मध्यमवयीन माशांना तरुण माशांचे जिवाणू दिले, तर ते जास्त जगले आणि जास्त चपळही राहिले. २०२१ साली कॉर्कमध्येच तरुण उंदरांचे जिवाणू म्हाताऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती आणि स्मरणाच्या काही चाचण्या सुधारल्या. पण हे मासे आणि उंदीर. एखादी गोळी गिळून माणसाचं आयुष्य वाढल्याचं कुठंही सिद्ध झालेलं नाही.

माणसांत आशा दिसली ती साध्या जेवणातून. युरोपातल्या पाच देशांतल्या ६५ ते ७९ वर्षांच्या ६१२ लोकांच्या जिवाणूंचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींनी वर्षभर भाज्या, फळं, कडधान्यं, ऑलिव्हचं तेल, मासे असा आहार घेतला होता. ज्यांनी तो नेटानं पाळला, त्यांच्यात उपयोगी जिवाणू वाढले, आणि त्यासोबत सूज कमी, बुद्धीच्या चाचण्यांत सुधारणा असं चित्र दिसलं.

आपल्याला ऑलिव्हची गरज नाही. दात नसलेल्या माणसानं चोथा कसा खावा, हे आपल्याकडच्या बायकांनी कधीच सोडवून ठेवलंय. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या. आंबील. आमटीत कुस्करलेली भाकरी. अंबाडीची गरगटी भाजी. मऊ शिजवून घोटलेली मटकी. यांतलं काहीही चावावं लागत नाही, आणि पोटातल्या जिवाणूंचं मात्र पोट भरतं. मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि एकदम नाही, थोडं थोडं वाढवत. पण नुसतं वय झालं म्हणून कुणाचं ताट दूधभातावर आणू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि शक्य असेल तर त्यांना सगळ्यांच्या पंगतीत बसवावं. एकट्या माणसाचं खाणं कमी होत जातं, हे मी तिथं घराघरांतून पाहिलंय.

आमच्या घरी आता आजीसाठी कण्या शिजतात. पहिले काही दिवस तिचं पोट जरा फुगलं, मग सवय झाली. त्यात लसणाची फोडणी हवी, असा तिचा आग्रह असतो.

सुट्टी संपवून मी पुढच्या आठवड्यात कॉर्कला परत निघाले आहे. सामानात बार्शीकडच्या मालदांडी ज्वारीचं पीठ आहे. तिथल्या वयस्क मंडळींच्या नमुन्यांमधले जिवाणू त्या तंबूत बाटल्यांमध्ये वाढवायचे, एका बाटलीत ज्वारी, दुसरीत पांढरा तांदूळ, तिसरीत ओट, आणि दिवसभरानंतर कुठं किती ब्युटिरिक आम्ल तयार झालं ते मोजायचं, असा बेत आहे. माझ्या मार्गदर्शकांनी त्याला होकार दिलाय. त्या ऐंशी ओलांडलेल्या बाईंनीही नमुना द्यायचं कबूल केलंय, फक्त ज्वारीची भाकरी एकदा चाखायला मिळाली पाहिजे, या अटीवर.

नमस्कार.